ही खूण कोणासाठी? गिरगावातल्या आमच्या चाळीच्या ग्राहक-प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

मंडळाच्या खोलीत बैठक झाली. २४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनाला खोलीत प्रदर्शन लावायचं ठरलं. विषय घरोघरी आधीच पोचलेला आहे. चाळीच्या ग्रुपवर रोज फिरणारे ‘तुम्हाला हे माहीत आहे का?’ छापाचे फॉरवर्ड: टूथपेस्टच्या ट्यूबवरचा रंग, सिलिंडरवरचं अक्षर, सफरचंदावरचं स्टिकर, बारकोडचे पहिले तीन आकडे, प्लास्टिकचा तांदूळ. एकेक गोष्ट हातात घेऊन तपासायची आणि ती वस्तू मांडूनच प्रदर्शन करायचं. नुसता कागद भिंतीवर कोणी वाचत नाही. वस्तू टेबलावर असली की हात आपोआप जातो.

फॉरवर्ड गोळा करायचं काम पोरांकडे, वस्तू जमवायचं काम वहिनींकडे, वही माझ्याकडे.

९ ऑक्टोबर

टूथपेस्टपासून सुरुवात केली, कारण हा फॉरवर्ड सगळ्यांत चिवट. ट्यूबच्या शेवटच्या, दाबून बंद केलेल्या कडेशी छोटा रंगीत चौकोन असतो. हिरवा म्हणजे नैसर्गिक, निळा म्हणजे नैसर्गिक आणि औषधी, लाल म्हणजे नैसर्गिक आणि रसायन, काळा म्हणजे निव्वळ रसायन, अशी त्याची फोड सांगतात. वहिनींनी तिन्ही मजले फिरून संपलेल्या ट्यूबा आणल्या. एकीवरही ही फोड छापलेली नाही.

तो चौकोन यंत्रासाठी असतो. कारखान्यात ट्यूब भरताना ती कुठवर वळवायची, कुठे दाबून बंद करायची, कुठे कापायची, हे यंत्रातला सेन्सर त्या चौकोनावरून ओळखतो. मागच्या रंगावर जो रंग उठून दिसेल तो छापतात, बस.

हे सांगून पटत नाही, दाखवल्यावर पटतं. धाकट्याने बिस्किटपुड्याचा कागद उलगडून कडेचा तसाच गडद चौकोन दाखवला. मग वाण्याकडून शाम्पूच्या पुड्यांची अख्खी माळ आणली. प्रत्येक पुडीच्या कडेला नेमक्या त्याच जागी तोच चौकोन. माळ लांब धरली की यंत्राने एकेक पुडी कशी मोजली असेल ते डोळ्यांना दिसतं. ती न कापता भिंतीवर टांगायची. पेस्टमध्ये काय आहे ते खोक्यावर घटकांच्या यादीत असतं, मुंगीएवढ्या अक्षरात. शेजारी भिंग ठेवायचं.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. आज भिंतींची वाटणी केली आणि माझ्या मते प्रदर्शनाचा कणा इथेच सापडला. फॉरवर्ड खरा की खोटा एवढंच लिहिलं तर लोक मान हलवून पुढे जातील. प्रत्येक वस्तूपाशी एकच प्रश्न विचारायचा: ही खूण कोणासाठी छापली आहे? एक भिंत यंत्राची. दुसरी धंद्याची, म्हणजे कॅशियर, सिलिंडरमध्ये गॅस भरणारं भरणा केंद्र, भंगारवाले वगैरे. तिसरी आपली, गिऱ्हाइकांची. यंत्रासाठी किंवा धंद्यासाठी केलेली खूण आपल्याला दिलेला गुप्त निरोप समजून वाचली की फॉरवर्ड जन्माला येतो. आणि खरोखर आपल्यासाठी छापलेल्या खुणा मात्र कोणी वाचत नाही. मला याचीच सगळ्यांत जास्त कळकळ आहे.

१९ ऑक्टोबर

बारकोड. फॉरवर्ड म्हणतो, ८९०ने सुरू झाला तर माल भारतात बनलेला, ६९०पासून पुढचे काही आकडे असले तर चीनमध्ये. यात अर्धंच खरं आहे. बारकोडचे क्रमांक वाटणारी जीएस१ नावाची संस्था आहे. तिच्या भारतातल्या शाखेने दिलेला क्रमांक ८९०ने सुरू होतो. म्हणजे कंपनीने क्रमांक इथून घेतला एवढंच त्यातून कळतं. माल कुठेही बनलेला असू शकतो. आयात केलेल्या वस्तूवर मूळ देशाचं नाव छापणं कायद्याने बंधनकारक आहे, ते शोधावं.

पण बारकोडमध्ये एक गंमत आहे आणि ती पोरांना इतकी आवडली की संध्याकाळ त्यातच गेली. तेरा आकड्यांतला शेवटचा आकडा उत्पादनाचा नसतोच, तो आधीच्या बारांचा पहारेकरी असतो. बारा आकडे डावीकडून घ्या. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे जसेच्या तसे मिळवा. दुसरा, चौथा, सहावा अशांची बेरीज करून तिला तीनने गुणा. दोन्ही मिळवल्यावर दहाच्या पटीत यायला जेवढे कमी पडतील, तो तेरावा आकडा. स्कॅनरने एखादा आकडा चुकीचा वाचला तर हिशेब जमत नाही आणि काउंटरवरचं यंत्र पुन्हा वाचायला लावतं.

तेलाची पिशवी, साबण, चहाचा पुडा, सगळ्यांचा हिशेब जमला. मग थोरलीने वहीत मनाने क्रमांक लिहिला: ८९०१२३४५६७८९. भारताच्या ८९०पासून पुढे ओळीने आकडे. विषम जागांची बेरीज २८. सम जागांची ३४, तीनने गुणून १०२. एकूण १३०. दहाच्या पटीत आहेच, म्हणून तेरावा आकडा शून्य. आणि ९ नंतर ओळीने येणारा आकडाही शून्यच! ८९०१२३४५६७८९० हा क्रमांक आपोआप बरोबर बसतो. पोरं ओरडली. हे गणित मोठ्या कार्डशीटवर काढायचं आणि खाली पेन बांधून ठेवायचं, येणाऱ्याने स्वतःच्या पिशवीतली वस्तू काढून करून बघावं.

२६ ऑक्टोबर

धनत्रयोदशी तीन दिवसांवर आली, म्हणून सोन्याचं काम आधी उरकलं. काकूंबरोबर झवेरी बाजारात गेले. तिसऱ्या भिंतीवरची ही सर्वांत मोलाची खूण. हॉलमार्कमध्ये आता तीन गोष्टी असतात: बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता (बावीस कॅरटला ९१६, अठराला ७५०), आणि अक्षर-आकडे मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३पासून हा क्रमांक असल्याशिवाय सराफाला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्याला ही सक्ती नाही. लहान मुलीच्या कानातल्या सुंकल्यावर खूण दिसली नाही म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही.

काकूंनी भिंग मागितलं, सराफाने विनातक्रार दिलं. अंगठीच्या आतल्या बाजूला लेझरने कोरलेली सहा चिन्हं दिसली. ती बीआयएस केअर ॲपमध्ये टाकली की सराफाचा नोंदणी क्रमांक, हॉलमार्किंग केंद्र, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार समोर येतो. यातला प्रकार आवर्जून बघावा. हातात कानातली आणि ॲपवर ‘अंगठी’ असं असेल तर क्रमांक दुसऱ्या दागिन्याचा आहे. ही बारीक गोष्ट एकाही फॉरवर्डमध्ये नव्हती.

आजींच्या पाटल्या फार जुन्या, त्यांवर एचयूआयडी कुठला असणार. त्या हॉलमार्किंग केंद्रात फी भरून तपासून मिळतात. कार्डावर हेही लिहिलं.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीनंतर पुन्हा कामाला लागलो. चाळीत बऱ्याच घरी अजून सिलिंडर आहे, त्यामुळे या कार्डावर सगळ्यांनीच वेळ दिला.

सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात. त्यांतल्या एकीवर आतल्या बाजूने अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. वर्षाचे चार भाग: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे दोन आकडे वर्षाचे. फॉरवर्डमध्ये याला ‘एक्स्पायरी’ म्हणतात आणि त्यानंतर सिलिंडर फुटतो असं घाबरवतात. खरं तर सिलिंडरची पुढची तपासणी कधीपर्यंत व्हायला हवी, ती ही तारीख. खूण भरणा केंद्रासाठी आहे, पण मुदत उलटलेला सिलिंडर दारात आला तर आपणही परत पाठवू शकतो. म्हणून हे कार्ड दुसऱ्या आणि तिसऱ्या भिंतीच्या कोपऱ्यात लावायचं.

वजनाचंही तसंच. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर लिहिलेलं असतं. १५.९ असेल तर त्यात १४.२ किलो गॅस मिळवून ३०.१ यायला हवेत. वजन करून मागणं हा आपला हक्क आहे.

गॅस किती उरला ते बघायची युक्ती मात्र शंभर टक्के खरी. ओलं फडकं घेऊन सिलिंडरवर वरून खालपर्यंत उभा ओला पट्टा ओढायचा आणि थांबायचं. वरचा भाग आधी सुकतो आणि एका ठिकाणी सरळ रेषा दिसते. रेषेखाली गॅस द्रवरूप आहे, तो पत्र्याला चटकन तापू देत नाही, म्हणून तिथलं पाणी सुकायला वेळ लागतो. वर नुसती वाफ, तिथे पत्रा लवकर हवेच्या तपमानाला येतो. मावशींनी स्वतःच्या स्वयंपाकघरात करून दाखवलं आणि रेषेवर खडूने खूण केली.

१३ नोव्हेंबर

क्रॉफर्ड मार्केट. आयात सफरचंदावरच्या स्टिकरचे आकडे कॅशियरच्या सोयीसाठी असतात, चार आकडी. पाच आकडी आणि सुरुवात ९ने असेल तर सेंद्रिय. ८ म्हणजे जनुकीय बदल केलेलं, हे फॉरवर्डचं कलम गाळून टाकायचं: तो आकडा त्यासाठी राखून ठेवला होता, दुकानांत कधी वापरलाच गेला नाही. पिवळ्या केळ्याचा ४०११. धंद्याच्या भिंतीवर छोटंसं कार्ड पुरे.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. शाई लावून आल्यावर सगळे मंडळाच्या खोलीत जमले आणि पोरांनी डबे उपडे करून नाणी काढली.

नाण्यावर वर्षाखाली बघा. हिऱ्यासारखा छोटा चौकट असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, म्हणजे आपल्याच फोर्टमधल्या, रिझर्व्ह बँकेसमोरच्या. पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचं. गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. खूण टांकसाळीच्या हिशेबासाठी, पण गिरगावातून पायी जाता येईल अशा ठिकाणी पाडलेलं नाणं मुठीत आहे हे कळल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते. चार वाट्यांत नाणी वेगळी करून ठेवायची.

मग पहिल्या मजल्यावरचे आजोबा आले. त्यांची दृष्टी फार अधू झाली आहे. त्यांनी खिशातून नोटा काढल्या आणि अंगठा डाव्या कडेवरून फिरवत सांगितलं, ‘‘ही शंभराची, ही पाचशेची.’’ नव्या नोटांच्या दोन्ही कडांना तिरप्या, किंचित उठावाच्या रेघा असतात. शंभरावर चार, दोनशेवर चार आणि त्यांच्यामध्ये दोन छोटी वर्तुळं, पाचशेवर पाच. पन्नास आणि त्याखालच्या नोटांवर त्या नाहीत. आम्ही डोळसांनी त्या रेघा कित्येक वर्षं पाहिल्या होत्या आणि नक्षी समजलो होतो. आजोबा म्हणाले की कोरी नोट पटकन कळते, वापरून मऊ झालेली असली तर उठाव लागत नाही. मग ते सुट्ट्यासाठी वाण्यावर विसंबतात.

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२०ला मनी नावाचं ॲप आणलं आहे. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ते किती रुपयांची ते बोलून सांगतं, इंटरनेट नसलं तरी. नातवाने तिथल्या तिथे आजोबांच्या फोनवर घातलं. मऊ पडलेली शंभराची नोट धरली, फोन बोलला. आजोबांनी ती पुन्हा धरली, पुन्हा ऐकलं.

चौथी भिंत मोकळी होती. ती आता दृष्टिहीनांसाठीच्या खुणांची. तिथलं कार्ड वाचायचं नाही. डोळे मिटून नोट चाचपायची.

२४ नोव्हेंबर, रविवार

प्लास्टिकचा तांदूळ. रेशनच्या तांदळात वेगळे दाणे दिसतात, धुताना वर तरंगतात, म्हणजे प्लास्टिक, असा व्हिडिओ चाळीत सगळ्यांकडे आहे. तळमजल्यावरच्या ताई हे दाणे सुपात वेचून टाकून देत आल्या आहेत. त्यांनीच मूठभर तांदूळ आणला.

पांढऱ्या वाडग्यात पाणी घेऊन तांदूळ सोडला. काही दाणे खरोखर वर राहिले. उन्हाकडे धरल्यावर ते बाकीच्यांपेक्षा किंचित पिवळट, अपारदर्शक, आणि सगळे जरा जास्तच एकसारखे. हे फोर्टिफाइड दाणे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून, यंत्रातून दाबून त्याला तांदळाचा आकार देतात आणि साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात मिसळतात. रेशनवर हाच तांदूळ देण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ला झाली होती.

ताईंना बोलून पटणार नव्हतं आणि का पटावं? मेडिकलमधून टिंक्चर आयोडिन आणलं. दोन बशा. एकीत तरंगलेले दाणे भिजवून चुरडले, दुसरीत पिशवीचा तुकडा. दोन्हींवर थेंब टाकला. दाणे बघता बघता काळे-निळे पडले, प्लास्टिकवर थेंब तपकिरीच राहिला. आयोडिन पिष्टाला, म्हणजे स्टार्चला निळं करतं, प्लास्टिकला नाही. भिजलेला दाणा बोटांत दाबला तर पिठासारखा विरघळतो, हेही ताईंनी स्वतः करून बघितलं. मग त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या सुनेला रक्त कमी म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, आणि लोहाचेच दाणे घरात वेचून टाकले जात होते.

खोटा फॉरवर्ड निरुपद्रवी असतो असं कोणी म्हटलं तर मी त्यांना या बशीपाशी उभं करीन. हे टेबल दाराच्या अगदी समोर. आयोडिन लावलेला तांदूळ खायचा नाही, ही सूचना लाल अक्षरांत. पाकिटबंद तांदळावर असेल तर फोर्टिफाइडचं ‘+एफ’ चिन्ह कसं असतं, ते मोठं करून काढायचं.

१ डिसेंबर, रविवार

विजेच्या सामानाचा बाजार, लोहार चाळ, बंद असते आज, म्हणून काल जाऊन आले. पंख्यांना जानेवारी २०२३पासून तारांकन, म्हणजे वीजबचतीच्या ताऱ्यांचं लेबल, सक्तीचं आहे. साधा पंखा साधारण ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) साधारण ३० वॅटचा. दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला वीस युनिट वाचतात. बेस्टचं विजेचं बिल घेऊन आपापल्या दराने गुणा, इतकंच कार्डावर.

ताऱ्यांच्या लेबलवर काळ छापलेला असतो, तो कोणी बघत नाही. निकष दर काही वर्षांनी कडक होतात. जुन्या लेबलचे पाच तारे आजचे पाच नसतात. फ्रिज घेताना तारे मोजण्याआधी वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा वाचावा.

४ डिसेंबर

मधाच्या चाचण्या वगळल्या. पाण्यात थेंब, काडीने पेटवणं, कागदावर ओघळ: दाट साखरपाकही त्यांत सहज पास होतो. जे आपल्या टेबलावर सिद्ध होत नाही ते भिंतीवर नको.

८ डिसेंबर, रविवार

औषधं. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. २०१६मध्ये आरोग्य मंत्रालयाने ही मोहीम काढली, मुख्यतः अँटिबायोटिकचा मनमानी वापर थांबावा म्हणून. प्रत्येक घरातल्या औषधांच्या डब्यात लाल रेघेची अर्धवट संपलेली पट्टी निघाली. खूण आपल्याचसाठी, छापलेली ठळक, आणि तरी कोणाला माहीत नाही. १ ऑगस्ट २०२३पासून जास्त खपाच्या तीनशे ब्रँडवर क्यूआर कोडही आला आहे. त्यात बॅच, मुदत, उत्पादक दिसतं. खपाच्या एका तापाच्या गोळीवर करून बघितलं, पट्टीवरची बॅच आणि फोनवरची बॅच जुळली.

१५ डिसेंबर, रविवार

डब्या-बाटल्यांच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो. फॉरवर्ड त्याला सुरक्षिततेचा दर्जा म्हणतो. तो प्लास्टिकची जात सांगतो: १ पेट, २ एचडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरिन, ७ म्हणजे इतर सगळं. अमेरिकेत १९८८मध्ये भंगार निवडण्यासाठी ही पद्धत निघाली. गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी आकडे बघितलेच नाहीत. डबा टेबलाच्या कडेवर आपटून आवाजावरून, बोटाने वाकवून, जात सांगत गेले. आम्ही बुडाचा आकडा पडताळत होतो आणि तो जुळत होता. २४ तारखेला तासभर येतो म्हणालेत. त्यांचं टेबल धंद्याच्या भिंतीशी.

२१ डिसेंबर, शनिवार

भिंती जवळजवळ लागल्या. शेवटचं कार्ड छापील किमतीचं. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. थंड बाटलीवर ‘कूलिंग’चे वेगळे दोन रुपये लावणं बेकायदा आहे, हे आमच्याच नाक्यावर रोज घडतं. बाटली, त्यावरची किंमत आणि बिल शेजारी शेजारी मांडलं.

२४ डिसेंबर का, असं पोरांनी विचारलं म्हणून तेही लिहिलं: १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याला त्या दिवशी राष्ट्रपतींची संमती मिळाली. आता त्याच्या जागी २०१९चा कायदा आहे, २० जुलै २०२०पासून लागू. पार्ल्याच्या मुंबई ग्राहक पंचायतीचं काम त्या दोन्ही कायद्यांच्या आधीचं, १९७५पासूनचं. आजींच्या माहेरी पंचायतीच्या संघाचा किराणा यायचा, त्यांच्या आठवणी मंगळवारी त्याच सांगतील.

दाराशी मोठ्या अक्षरांत तीन नंबर: ग्राहक हेल्पलाइन १९१५, गॅस गळती १९०६, ऑनलाइन फसवणूक १९३०. १९१५ खाली वहिनींच्या आग्रहाने एक ओळ वाढवली: फोन करताना बिल हाताशी ठेवा, आणि बिल नसेल तर आजपासून मागायला लागा.